चिलरच्या पडद्यावरचे 26 अंश

परभणीत उन्हाळ्यात पारा 42 अंशांच्या पुढे जातो आणि समुद्री टाकीतील (खाऱ्या पाण्याच्या मत्स्यालयातील) प्रवाळांना मात्र 25-26 अंशांचे पाणी लागते. पाणी 30 च्या पुढे काही दिवस राहिले की त्यांच्या शरीरातील सूक्ष्म शैवाल बाहेर पडते आणि ते पांढरे पडू लागतात. टाकीवर पंखा लावून दोन-चार अंश उतरतात, बाकीच्यासाठी चिलर, म्हणजे पाणी थंड करणारे यंत्र, घ्यावाच लागतो, आणि आपल्याकडे तो सहसा दुकानात पाहायला मिळत नसल्याने मुंबई-पुण्याच्या विक्रेत्याकडून फोनवर मागवावा लागतो. फसवणाऱ्याला एवढे अंतर पुरते.

माझ्या 250 लिटरच्या टाकीसाठी (टणक प्रवाळ वन्यजीव कायद्याखाली संरक्षित असल्याने माझ्याकडे मऊ प्रवाळच आहेत) मला ‘1/4 एचपी, टायटॅनियम कॉइल’ (कॉइल म्हणजे पाणी थंड करणारी धातूची वेटोळी नळी) असे लिहिलेले यंत्र विकण्यात आले. जोडल्यावर त्याच्या पडद्यावर लवकरच 26.0 दिसू लागले, कॉम्प्रेसरही थांबला, पण टाकीतील काचेचा थर्मामीटर 30 वरून हलेना. विक्रेत्याने सांगितले, “सर, काचेचे तसेच दाखवतात, डिजिटलवर विश्वास ठेवा.”

आमच्या भागात फ्रीज-एसी दुरुस्त करणाऱ्या मामांनी कंट्रोलरचे बटण दाबून धरले आणि आतील सेटिंग एकेक करून पुढे नेली, तेव्हा तापमानाच्या दुरुस्तीसाठी असलेल्या जागी उणे चार हा आकडा निघाला. सेन्सरमधील किरकोळ चूक काढण्यासाठी दिलेली ही सोय 30 ला 26 म्हणवण्यासाठी वापरली होती. मामांनी तिथे शून्य केले, तसा पडदा 30 वर गेला आणि यंत्र धडधडत सुरू झाले. त्यानंतर ते दिवसरात्र चालूनही पाणी 29 च्या खाली आले नाही.

ते येणारही नव्हते. 250 लिटर पाणी एका अंशाने उतरवायला सुमारे 290 वॉट-तास उष्णता बाहेर काढावी लागते, आणि त्याच वेळी पंप, दिवे व तापलेली खोली ती पुन्हा पाण्यात घालत असतात. मामांनी वायरीला प्रवाह मोजणारा क्लॅम्प मीटर लावला तर जेमतेम 0.6 अँपिअर, म्हणजे फार तर 140 वॉट. 1/4 एचपीची मोटर नुसती शक्तीच 186 वॉटची देते, त्यामुळे पूर्ण भारावर ती त्याहून कमी वीज घेऊन चालणे शक्यच नाही. मागचा पत्रा उघडून त्यांनी कॉम्प्रेसरवरची मूळ पाटी वाचली आणि म्हणाले, “सर, ह्यो वॉटर कूलरमधला हाये, 1/10 चा.”

कॉइलचा प्रकार अधिक घातक होता. नळी जिथे यंत्राला जोडली जाते तिथे हिरवट-निळे पापुद्रे धरले होते. टायटॅनियमवर असे काही धरत नाही, तांब्यावर धरते. तांबे खाऱ्या पाण्यात झिजते आणि गोगलगाई, कोळंबी व प्रवाळ यांना अत्यल्प प्रमाणातही मारते. टाकीतील गोगलगाई काचेवरून गळून पडल्या होत्या त्याचे कारण मी उष्णता समजत होतो. तांब्याच्या चाचणीत पाण्याला रंग आला तेव्हा यंत्र तत्काळ काढून टाकले.

म्हणून पैसे देण्यापूर्वी एचपी विचारू नका, तो आकडा मोटरचा असतो. बाहेर 40 अंश असताना यंत्र किती वॉट उष्णता काढते, ते लेखी मागा. ‘टायटॅनियम’ हा शब्द जीएसटी बिलावर हवा, खोक्यावर नव्हे. मला मिळालेल्या पावतीवर फक्त ‘चिलर 1 नग’ आणि ‘न्यायक्षेत्र मुंबई’ एवढेच होते. त्या न्यायक्षेत्राला घाबरायचे कारण नाही, कारण 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार आपण राहतो त्या जिल्ह्याच्या आयोगाकडे दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते आणि पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला शुल्कही लागत नाही. मी आधी 1915 या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली. त्यानंतर विक्रेत्याने निम्मे पैसे देऊ केले, ते मी नाकारले असून परभणीच्या आयोगाकडे अर्ज तयार करत आहे.

तसलेच यंत्र सध्या ‘1/2 एचपी’ म्हणून विकायला ठेवलेले आहे. काळा पत्रा, पुढे लाल आकड्यांचा चौकोनी पडदा, आणि कॉम्प्रेसरची पाटी दिसू नये म्हणून मागच्या जाळीवर आतून चिकटवलेला काळा कागद.