क्रिएटिनिन की लघवीतलं अल्ब्युमिन?

मधुमेहात किडनी तपासायची म्हटलं की बहुतेक जण रक्तातलं क्रिएटिनिन (स्नायूंतून येणारा आणि किडनी गाळून टाकते तो टाकाऊ पदार्थ) करून येतात आणि ‘नॉर्मल’ वाचून निश्चिंत होतात. पण किडनीचं जवळपास निम्मं काम मंदावेपर्यंत हा आकडा मर्यादेत राहू शकतो. स्नायू झडलेल्या वयस्कर माणसांत तर तो आणखीच फसवा. लघवीतलं अल्ब्युमिन-क्रिएटिनिन गुणोत्तर, म्हणजे अल्ब्युमिन हे प्रथिन लघवीत किती गळतंय याचं माप, सहसा बरंच आधी वाढतं. ३० मिलिग्रॅम प्रतिग्रॅमच्या वर गेलं की सावध व्हायचं. मात्र ताप, लघवीतला जंतुसंसर्ग, जोरदार व्यायाम यांनीही ते चढतं, म्हणून ३ ते ६ महिन्यांत तीनपैकी दोन नमुने वाढलेले हवेत. एकच निवडायची तर मी लघवीचीच निवडेन. पण काहींची किडनी अल्ब्युमिन न गळताही खालावते. ते क्रिएटिनिनवरून काढलेल्या ईजीएफआरमध्येच (किडनीच्या गाळण्याच्या वेगाचा अंदाज) दिसतं. त्यामुळे टाइप २ मध्ये निदानापासूनच दरवर्षी दोन्ही.