कर्ली खाडीत 9.9 हॉर्सपॉवरचं आउटबोर्ड: 14 महिने, 130 तासांनंतर

होडी 14 फुटी, फायबरची, जवळपास सपाट तळाची. इंजिन आउटबोर्ड, म्हणजे होडीच्या मागच्या फळीला बाहेरून लावायचं: फोर-स्ट्रोक, दोन सिलिंडरचं, कार्ब्युरेटरवालं, दोरी ओढून सुरू होणारं. वापर मालवणजवळ देवबागला खाडी समुद्राला मिळते त्या संगमापासून आत, कर्ली खाडीत. फेरफटका आणि गळ, एका वेळी दोन ते चार माणसं. पेट्रोल अर्ध्या थ्रॉटलला ताशी दीड-दोन लिटर, पूर्ण थ्रॉटलला चारच्या जवळ. इंजिन चांगलं आहे, पुन्हा याच ताकदीचं घेऊ. पण अशा खाडीत इंजिन किती वर्षं टिकणार हे कंपनीच्या नावापेक्षा वाळू, पेट्रोल आणि धुवायच्या पाण्यावर जास्त ठरतं. विकत घेताना दुकानात या तिन्हींबद्दल कोणी बोलत नाही, म्हणून इतकं सविस्तर.

आधी शाफ्टची, म्हणजे इंजिनापासून पंख्यापर्यंत खाली जाणाऱ्या दांड्याची लांबी. होडीच्या मागच्या फळीची उंची मोजूनच इंजिन घ्यावं: 15 इंच असेल तर शॉर्ट शाफ्ट, 20 असेल तर लाँग. पंख्याच्या (प्रोपेलरच्या) वरची आडवी पट्टी होडीच्या तळाच्या रेषेत किंवा फार तर 25 मिलिमीटर खाली यायला हवी. त्याहून वर राहिली तर वळणावर पंखा हवा ओढतो आणि इंजिन एकदम किंचाळतं. फार खाली गेली तर वेग पडतो, आणि आमच्यासारख्या उथळ खाडीत पंखा आधी वाळूला लागतो.

सोबत आलेला पंखा आठवडाभरातच बदलावा लागला. प्लगच्या वायरीला चिमटा लावून आरपीएम मोजणारा छोटा मीटर मिळतो, तो जरूर घ्या. या इंजिनाने पूर्ण थ्रॉटलला 5,000 ते 6,000 आरपीएम गाठायला हवेत. 9 इंच पिचच्या (पिच म्हणजे एका फेऱ्यात पंखा जितका पुढे सरकायला हवा ते अंतर) पंख्यावर चार माणसं बसली की ते 4,900 ला अडकत होतं, म्हणजे इंजिन सतत दमलेलं. 8 इंच पिच लावल्यावर चौघांसह 5,100 मिळतात. एक इंच पिच कमी केला की साधारण 150 ते 200 आरपीएम वाढतात, हा हिशोब इथे बरोबर लागू पडला.

पंख्याच्या आत रबरी बुश असतो. वाळूत ठोकर बसली की तो घसरतो, गिअरचे दाते वाचतात. मात्र एकदा घसरलेला बुश पुढे जोर आला की पुन्हा घसरतो: इंजिन वर चढतं, होडी जागची हलत नाही. नव्या पंख्यावरच, मागच्या बाजूला, आतल्या धातूच्या नळीपासून बाहेरच्या भागापर्यंत ऑइलपेंटची एक सरळ रेघ मारून ठेवा. रेघ तुटून दोन तुकडे सरकलेले दिसले की बुश गेला.

दर 20-25 तासांनी पंखा काढायचाच. जाळ्याचा तुटका नायलॉन धागा पंख्यामागे शाफ्टभोवती गुंडाळला जातो, वरून अजिबात दिसत नाही, आणि घासून ऑइलसील कापतो. मग गिअर ऑइलमध्ये पाणी शिरतं. ऑइल दुधी चहासारखं दिसलं तर नुसतं बदलून भागत नाही, सील बदलावं लागतं. भरताना खालच्या भोकातून दाबून भरायचं, वरच्या भोकातून बुडबुड्याविना बाहेर येईपर्यंत. मग आधी वरचा स्क्रू, नंतर खालचा. वरून ओतलं तर आत हवा अडकते. दोन्ही स्क्रूंचे वॉशर आणि पंख्याची कॉटर पिन दर वेळी नवी.

आता इंपेलर, म्हणजे इंजिन थंड ठेवायला पाणी वर खेचणाऱ्या पंपातलं रबरी पात्यांचं चाक. मॅन्युअलमधली मुदत स्वच्छ पाण्यासाठी धरलेली असते. संगमाजवळ पाण्यात बारीक वाळू कायम तरंगत असते, उधाणाच्या भरतीला तर पाणी चक्क गढूळ. 60 तासांनी पंप उघडला तेव्हा स्टीलच्या वाटीला आतून नखाला लागतील एवढे चरे होते आणि इंपेलरच्या पात्यांची टोकं एका बाजूला वाकून तशीच राहिली होती. आता दर हंगामाला किंवा 70 तासांनी, जे आधी येईल तेव्हा, वाटीसकट बदलतो. काम अर्ध्या दिवसाचं: गिअर शिफ्टची जोडणी सोडायची, खालचं युनिट बोल्ट काढून सरळ खाली ओढायचं, पंप उघडायचा. छोटी चावी, म्हणजे शाफ्ट आणि इंपेलरमधला धातूचा तुकडा, वाळूत पडली तर शोधत बसावं लागतं. खाली चादर अंथरा. नवा इंपेलर साबणाच्या पाण्याने ओला करून, शाफ्ट घड्याळाच्या दिशेने फिरवत वाटी बसवायची. बसवताना शाफ्टच्या दात्यांना ग्रीस लावा, पण वरच्या टोकावर नको. तिथे ग्रीस दाबलं गेलं की युनिट पूर्ण वर बसत नाही. आणि पाण्याविना इंजिन क्षणभरसुद्धा सुरू करू नका, कोरडा रबर लगेच जळतो.

इंजिनातून बाहेर पडणारी पाण्याची धार बारीक झाली तर इंपेलरला दोष देण्याआधी ते भोक बघा. मीठ किंवा वाळू अडकलेली असते. गळाच्या जाड तंगूसने आतून मोकळं करा, तारेने नको.

धुणं रोजचं. 200 लिटरचं प्लॅस्टिकचं पिंप वरून कापून त्यात इंजिन उतरवतो, पाणी आडव्या पट्टीच्या वर, न्यूट्रलमध्ये 10 ते 15 मिनिटं. पाच मिनिटांत आटोपलं तर थर्मोस्टॅट (इंजिन तापल्यावर पाण्याला वाट देणारी झडप) नीट उघडत नाही आणि ब्लॉकमधलं मीठ तसंच राहतं. पाणी मात्र चाखून बघा. किनाऱ्यालगतच्या विहिरींचं पाणी मार्चनंतर मचूळ होतं. त्याने धुतलेलं इंजिन मिठाच्या पाण्यातच ठेवल्यासारखं. एप्रिल-मेमध्ये आतल्या बाजूचं गोडं पाणी कॅनने आणावं लागतं. कंटाळवाणं आहे, पण याला पर्याय नाही.

अ‍ॅनोड अ‍ॅल्युमिनियमचे लावा. हे धातूचे तुकडे इंजिनाऐवजी स्वतः झिजतात. जस्ताचे समुद्रात उत्तम, पण खाडीचं पाणी पावसाळ्यानंतर बरेच दिवस निमगोडं असतं, तिथे जस्तावर थर चढतो आणि ते काम करेनासं होतं. अर्धा झिजला की बदलायचा, त्यावर रंग कधीच लावायचा नाही, आणि बसवण्याआधी बोल्टखालची जागा पॉलिशपेपरने चकचकीत करायची.

सर्वांत जास्त त्रास पेट्रोलने दिला. पंपावर आता 20 टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं, तर बहुतेक आउटबोर्ड कंपन्या 10 टक्क्यांपर्यंतचीच परवानगी देतात. इथेनॉल हवेतली ओल ओढतं. कोकणातल्या हवेत अर्धी भरलेली टाकी दोन-तीन आठवडे पडली तर तळाशी पाणी आणि इथेनॉलचा वेगळा थर बसू शकतो, आणि इंजिन पहिल्यांदा ओढतं ते नेमकं तळाचंच. तपासणी सोपी आहे: काचेच्या मापात 10 मिलिलिटर पाणी, वर 90 मिलिलिटर पेट्रोल, हलवून दहा मिनिटं ठेवा. तळाचा थर 27-28 पर्यंत चढला तर इथेनॉल 20 टक्क्यांच्या आसपास. आमचा नेम असा: जेवढं लागेल तेवढंच भरायचं, उरलेलं त्याच आठवड्यात स्कूटरला. टाकी आणि इंजिनाच्या मध्ये पाणी वेगळं करणारा 10 मायक्रॉनचा फिल्टर. दिवस संपला की नळी काढून इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालवायचं, आणि आठवड्याहून जास्त थांबणार असेल तर कार्ब्युरेटरच्या वाटीचा तळाचा स्क्रू उघडून थेंब न थेंब काढायचा. हे दोनदा राहिलं आणि दोन्ही वेळा स्लो जेट, म्हणजे मंद वेगासाठी पेट्रोल सोडणारं बारीक भोक, बुजला: चोक ओढून चालू होतं, थ्रॉटल सोडला की बंद. पुन्हा घ्यायचं तर फ्युएल इंजेक्शनवालं घेऊ, जास्त पैसे मोजून. त्यालाही पाणी चालत नाही, पण एवढा बारीक जेट रोज सांभाळावा लागत नाही.

आणखी एक: चालताना इंजिन दहा-पंधरा मिनिटांनी गुदमरत असेल आणि नळीवरचा रबरी फुगा चपटा झाला असेल, तर टाकीच्या झाकणावरचा हवेचा स्क्रू बंद राहिलेला असतो.

नांगराबद्दल थोडक्यात. दुकानात मिळणारा चार हुकांचा छोटा नांगर खडकात ठीक, गाळात नुसता घसरतो. रुंद पात्यांचा चार-पाच किलोचा घ्या, पुढे तीन मीटर साखळी, मग 10 मिलिमीटर नायलॉनची दोरी, भरतीच्या वेळच्या खोलीच्या किमान पाचपट. निळी-हिरवी प्लॅस्टिकची दोरी पाण्यावर तरंगते आणि थेट पंख्यात जाते. लाइफ जॅकेट फोमचंच. आपोआप फुगणाऱ्या जॅकेटमधली विरघळणारी गोळी आपल्याकडच्या दमट हवेत कपाटातही विरघळते आणि जॅकेट नको तेव्हा फुगतं. घ्यायचंच असेल तर गॅसची नळी दर सहा महिन्यांनी काट्यावर तोलून तिच्यावर छापलेल्या वजनाशी ताडून बघा.

मे अखेरीस होडी वर घेतो. इंजिन तेव्हा उभंच टांगून ठेवायचं म्हणजे आतलं पाणी निथळतं. प्लग काढून प्रत्येक सिलिंडरमध्ये चमचाभर ऑइल, दोरी तीन-चारदा ओढायची, प्लग परत. इंजिन ऑइल आणि गिअर ऑइल पावसाळ्याआधी बदलायचं, नंतर नाही. जुन्या ऑइलमधली ओल पावसाळाभर बेअरिंगला चिकटून राहते. एक गोष्ट मात्र मॅन्युअलमध्ये नाही. पडवीत टांगलेल्या इंजिनाच्या पाण्याच्या भोकात कुंभारीण माशी मातीचं घर करते, आणि नारळी पौर्णिमेनंतर पहिल्यांदा इंजिन लावलं की धार येत नाही. त्या भोकात चिंधीचा बोळा घालून ठेवा, त्याला लाल सुतळी बांधा आणि दुसरं टोक सुरू करायच्या दोरीच्या मुठीला. काढल्याशिवाय इंजिन ओढताच येणार नाही.