ईसीजीवालं घड्याळ आणि छातीचा पट्टा: अख्खा सीझन वापरून

सातारा हिल हाफ मॅरेथॉनच्या सरावाला लागलो तेव्हा दोन्ही घेतलं, आता मुंबई मॅरेथॉनही होऊन गेली.

पट्टा पैसे वसूल. मनगटावरचा सेन्सर हिरव्या प्रकाशाने रक्ताचा प्रवाह मोजतो आणि धावताना कधीकधी पावलांचाच ठेका पकडून बसतो. माझी पावलं मिनिटाला १७० च्या आसपास पडतात, मग निवांत धावतानाही नाडी १७०! पट्टा थेट हृदयाचे विद्युत संकेत घेतो, तिथे हा घोळ नाही. ओला करून बांधायचा आणि नंतर धुवायचा, नाहीतर घरचे बाहेर काढतील (पट्ट्याला की मला, ते विचारू नका).

घड्याळ रात्री ‘नाडी कमी’ म्हणून इशारे द्यायचं. नियमित धावणाऱ्याची नाडी झोपेत चाळिशीत जाऊ शकते. चक्कर किंवा थकवा नसेल तर सहसा त्यात काही नसतं.

खरा प्रश्न ईसीजीचा. घड्याळाच्या बाजूच्या गोल बटणावर (क्राउनवर) ३० सेकंद बोट ठेवायचं, एका लीडचा, म्हणजे एकाच कोनातून घेतलेला आलेख येतो. तो हृदयाचा ताल बघतो, धमनीतला अडथळा नाही. आमच्या ग्रुपमधले एक दादा, वय पन्नाशीपुढे. यवतेश्वर घाटाच्या चढाला छातीवर दडपण, जबड्यापर्यंत कळ, थांबलं की दोन-तीन मिनिटांत गायब. ‘ॲसिडिटी असेल, उपाशीपोटी चहा झालाय,’ म्हणाले. माझ्या घड्याळावर बघितलं तर ‘सायनस ऱ्हिदम’. ते खोटं नव्हतं, ताल ठीकच होता. पण श्रमाने येणारं आणि थांबल्यावर जाणारं दडपण म्हणजे अंजायनाची, हृदयाला रक्त कमी पडत असल्याची खूण. वहिनींनी हट्टाने डॉक्टरांकडे नेलं. टीएमटी (ट्रेडमिलवर चालवून काढलेला ईसीजी), ॲन्जिओग्राफी, मग स्टेंट.

पस्तिशीच्या आतलं कुणी खेळताना अचानक गेलं तर कारण बहुधा वेगळं असतं, अनेकदा अनुवांशिक. कॅमेरूनचा फुटबॉलपटू मार्क-व्हिव्हियन फोए २००३ मध्ये मैदानातच कोसळून गेला. त्याच्या हृदयाचा स्नायू जाड झालेला होता. ते ओळखायला दवाखान्यातला १२ लीडचा ईसीजी आणि इको (हृदयाची सोनोग्राफी) लागतो. धावता धावता शुद्ध हरपणं, नेहमीच्या वेगालाच अचानक धाप लागणं, घरात कुणी तरुणपणी अचानक गेलेलं असणं, यातलं काही असेल तर सराव थांबवून आधी कार्डिओलॉजिस्ट. यातलं काहीच माझं घड्याळ विचारत नाही.

पट्टा डोळे झाकून घ्या. ईसीजीसाठी मात्र महागडं मॉडेल घेऊ नका, धडधड अधूनमधून होत असेल आणि डॉक्टरांना आलेख दाखवायचा असेल तरच घ्या. घड्याळाची बॅटरी दीड दिवस टिकते.