संसदेचं डिजिटल ग्रंथालय : वर्षभर वर्गात वापरल्यावर

मी सिंधुदुर्गातल्या एका कनिष्ठ महाविद्यालयात राज्यशास्त्र शिकवते. दरवर्षी आम्ही मुलांची अभिरूप संसद घेतो. गेल्या वर्षी पहिल्याच तालमीत विरोधी पक्ष झालेल्या मुलांनी बाकं बडवली, घोषणा दिल्या, वेलमध्ये, म्हणजे अध्यक्षांसमोरच्या मोकळ्या जागेत, उतरले आणि चार मिनिटांत सभात्याग करून व्हरांड्यात जाऊन उभे राहिले. विरोधी पक्षाचं काम एवढंच, असं त्यांना वाटत होतं. मला फार लागलं ते. हा बॅरिस्टर नाथ पैंचा मुलूख. १९५७ पासून राजापूर मतदारसंघानं त्यांना लोकसभेत पाठवलं, ते विरोधी बाकांवर बसायला. माझे आजोबा त्यांचं भाषण ऐकायला वेंगुर्ल्यापर्यंत चालत जायचे.

म्हणून दुसऱ्या दिवशी वर्गात संसदेचं डिजिटल ग्रंथालय उघडलं. पैसे पडत नाहीत. १९५२ पासूनचं लोकसभेचं कामकाज शब्दन् शब्द तिथे आहे, संविधान सभेच्या चर्चाही आहेत. सदस्याच्या नावानं शोधता येतं, तारखेनंही. मी तारखेनं शोधते, म्हणजे त्या दिवशी आधी कोण बोललं, नंतर कोणी खोडून काढलं, ते सलग वाचता येतं.

आम्ही ऑगस्ट १९६३ काढला. चीनबरोबरच्या युद्धाला वर्षही झालं नव्हतं. विरोधी बाकांवरच्या आचार्य कृपलानींनी पंतप्रधान नेहरूंच्या सरकारविरुद्ध लोकसभेतला पहिला अविश्वास ठराव मांडला आणि त्यावर चार दिवस चर्चा झाली. बाजूनं ६२ मतं, विरोधात ३४७. एका मुलीनं लगेच विचारलं, "मॅडम, हरणारच होते तर मांडला कशाला?"

तिला मी त्याच चर्चेतलं समाजवादी नेते राममनोहर लोहियांचं भाषण वाचायला दिलं. ते हिंदीत असल्यामुळे मुलांना थेट कळतं. देशातली २७ कोटी माणसं रोज तीन आण्यांवर जगतात, असं लोहिया म्हणाले. पंडित नेहरूंच्या बाजूनं आकडा होता पंधरा आण्यांचा. आणा म्हणजे काय हे मला फळ्यावर मांडून दाखवावं लागलं: रुपयाचे सोळा, म्हणजे तीन आणे साधारण एकोणीस पैसे. ठराव पडला, पण ६ सप्टेंबरला याच आकड्यांवर सभागृहात पुन्हा चर्चा झाली. पाशवी बहुमत असलेल्या सरकारला गरिबाच्या रोजच्या मिळकतीचा हिशेब देणं भाग पडलं. तास संपल्याची घंटा झाली तरी मुलं उठली नाहीत.

"तेव्हा विरोधी पक्षनेते कोण होते?" हा पुढचा प्रश्न. मान्यताप्राप्त असं कोणीच नव्हतं. लोकसभेत ते पद पहिल्यांदा मिळालं १९६९ मध्ये, रामसुभग सिंह यांना. पगार-भत्त्यांचा कायदा १९७७ चा, आणि त्याच वर्षी आपले यशवंतराव चव्हाण त्या खुर्चीवर बसले. नोव्हेंबर २०२४ च्या निवडणुकीत आपल्या विधानसभेत या पदासाठी प्रथेनं लागणाऱ्या एक दशांश, म्हणजे २८८ पैकी २९ जागा एकाही विरोधी पक्षाला मिळाल्या नाहीत, हे मुलांना पेपरातून ठाऊक होतं. ते पद रिकामं राहू नये, असं मला मनापासून वाटतं. पण कृपलानी, लोहिया पदासाठी थांबले नव्हते, हेही मुलांनी इथेच वाचलं.

नाथ पैंची भाषणं इंग्रजीत आहेत. अकरावीच्या मुलांना ती जड जातात, शब्दकोश घेऊन बसावं लागतं. एका दिवसाची फाइल बरीच मोठी असते, म्हणून मी हवी तेवढीच पानं छापून घेते. बाजारपेठेतल्या एका झेरॉक्सवाल्यानं वरची कड कापून दिली आणि रकान्यांचे क्रमांकच गेले. छापताना तेवढं बघा, नाहीतर मूळ जागा पुन्हा सापडत नाही.

यंदाच्या तालमीत विरोधी बाकांवरून घोषणा आली नाही. नळपाणी योजनेवर तारांकित प्रश्न आला, म्हणजे मंत्र्यानं सभागृहात तोंडी उत्तर द्यायचा. "मंजूर किती, खर्च किती?" 'मंत्र्या'नं उत्तर वाचलं. मग गेल्या वर्षी सगळ्यात आधी बाहेर पडलेला मुलगा पुरवणी प्रश्नाला उभा राहिला: "टाकी पूर्ण झाली म्हणता, तर तिच्यात पाणी कोणत्या तारखेला चढलं?" मंत्री झालेली मुलगी कागद चाळत राहिली.

नव्यानं बघणाऱ्यांनी २१ ऑगस्ट १९६३ पासून, म्हणजे लोहियांच्या भाषणाच्या दिवसापासून, सुरुवात करावी. शक्यतो कॉम्प्युटरवर वाचा, जुनी पानं स्कॅन केलेली आहेत आणि मोबाइलवर अक्षर बारीक दिसतं.