मिऱ्याचं जहाज दाखवतो म्हणाले, आणि स्वारगेटला उभं केलं

स्वारगेटच्या एसटी स्टँडबाहेर शुक्रवारी रात्री आम्ही नऊ जण उभे होतो. कुणी कुणाला ओळखत नव्हतं, पण ट्रायपॉड बघून एकमेकांजवळ आलो. रत्नागिरीच्या फोटो-सहलीची बस दहाला येणार होती. साडेदहाला आयोजकाचा फोन बंद लागायला लागला. पावणेअकराला व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर फक्त अ‍ॅडमिनला लिहिता येईल असं केलं गेलं, आणि पाचच मिनिटांत अ‍ॅडमिन ग्रुप सोडून गेला. आमच्यात एक निवृत्त शिक्षक होते, नातवाला घेऊन आलेले. त्यांनी दोघांचे पैसे भरले होते. तो मुलगा शेवटपर्यंत प्रत्येक बसच्या पाटीकडे बघत होता.

ही गोष्ट डिसेंबर २०२२ ची. मी नऊ वर्षं होड्यांचे, ट्रॉलरचे, किनाऱ्याला लागलेल्या जहाजांचे फोटो काढते. पुण्यात राहून हा छंद करायचा म्हणजे शनिवार-रविवार आणि घाट यांचं गणित बसवावं लागतं. त्यामुळे ‘सगळं आम्ही बघतो, तुम्ही फक्त कॅमेरा आणा’ असं कुणी म्हटलं की जीव भुलतो.

पोस्टरवर रत्नागिरीजवळच्या मिऱ्याचं जहाज होतं. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळात बसरा स्टार हे तेलवाहू जहाज भरकटून मिऱ्याच्या बंधाऱ्याला लागलं. खलाशी वाचले, जहाज मात्र तिथेच गंजत राहिलं. कार्यक्रम असा होता: शनिवारी सकाळी साडेसहाला ओहोटीत चालत जहाजाच्या नाळेपर्यंत, म्हणजे पुढच्या टोकापर्यंत जायचं, परवानगी घेऊन वर चढायचं, आणि रविवारी होडीतून बंदराचे फोटो.

फोनवरचा माणूस विषय जाणणारा होता. १७ जुलै १९४७ ला रेवसला जाणारी रामदास बोट काश्याच्या खडकाजवळ कशी बुडाली, सहाशेहून जास्त माणसं कशी गेली, हे त्याने इतक्या कळवळ्याने सांगितलं की मी गप्प झाले. माझ्या आजीकडून मी हेच ऐकत वाढले. ‘ताई, तुमच्यासारखी माणसं आली की आम्हालाही हुरूप येतो,’ असं तो म्हणाला आणि मी तिथेच फसले. एखाद्याला विषय माहीत आहे, म्हणजे तो माणूस खरा आहे, असं मी धरून चालले.

पैसे एकदम मागितले नाहीत. आधी ८,५०० शुल्क. आठवड्याने २,२०० ‘परवान्याचे’, सोबत सरकारी मंडळाच्या नावाचं, शिक्का मारलेलं पत्र. गुरुवारी संध्याकाळी होडी आणि लाइफ जॅकेटची अनामत ३,५००, ‘रात्रीपर्यंत नाही आली तर जागा दुसऱ्याला देतो’. एकूण १४,२००. तिन्ही वेळा यूपीआयवर पैसे घेणाऱ्याचं नाव वेगळं होतं. मी ते वाचलं होतं. वाचूनही पिन टाकला.

एसटी मिळत होती, म्हणून आम्ही तिघं तसेच रत्नागिरीला गेलो. बसमधूनच मी १९३० या सायबर हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली. सकाळी मिऱ्याला पोचलो तर जहाजाच्या बुडाशी लाटा आपटत होत्या. चालत जायला वाळूच नव्हती. जाळं उसवत बसलेल्या एका म्हाताऱ्या काकांना विचारलं, ओहोटी कधी? हातातलं काम न थांबवता ते म्हणाले, ‘आज नवमी ना बाय? नवाची पाऊणपट कर.’

नवाची पाऊणपट पावणेसात. तिथीची पाऊणपट केली की भरतीची साधारण वेळ मिळते, आणि तिथून सहा तासांनी ओहोटी. पौर्णिमा-अमावास्येला भरती बाराच्या सुमाराला, म्हणून पहाटेची ओहोटी हवी तर त्याच दिवसांच्या आसपास जावं लागतं. अष्टमी-नवमीला नेमकं उलटं. घरी भिंतीवर कॅलेंडर लटकतंय, त्यावर मार्गशीर्ष वद्य नवमी छापलेली. त्या पोस्टरवरचा कार्यक्रम समुद्राला मान्यच नव्हता, आणि ते मला पुण्यात बसून अर्ध्या मिनिटात कळलं असतं. काकांनी वर हेही सांगितलं की जहाज बघायला पैसे कोण घेतो, बंधाऱ्यावरून दिसतंच की. जहाजावर चढणं मात्र जिवावरचं. पत्रा सडलाय, पाय आत जाईल.

दुपारी एकला पाणी उतरलं. भांगाचे, म्हणजे कमी भरती-ओहोटीचे दिवस, फार मागे हटलं नाही. तेव्हा जहाज नीट न्याहाळलं आणि आणखी एक गोष्ट लक्षात आली. तेलवाहू जहाजाच्या डेकवर नळांचं जाळं असतं. पोस्टरमधल्या जहाजावर रांगेने मोठमोठे फाळके, म्हणजे माल आत उतरवायची झाकणं होती, म्हणजे ते सुटा माल नेणारं कुठलं तरी दुसरंच जहाज. तो फोटोच कुणाचा तरी उचललेला. नऊ वर्षं जहाजं बघणाऱ्या नजरेला हे दिसायला हवं होतं, याची मला पैशांपेक्षा जास्त चुटपुट लागली.

गुरुवारचे ३,५०० बँकेने वेळेत गोठवले आणि ते परत मिळाले. आधीचे दोन्ही हप्ते तोवर खात्यांमधून पुढे गेले होते. शिक्षकांनी आठवडाभराने तक्रार केली, त्यांना एक पैसाही मिळाला नाही.

हे आज लिहायचं कारण, तेच पोस्टर पुन्हा फिरतंय. या वेळी नाव हर्णैचं आहे, फोन नंबर नवा आहे, फोटो मात्र तोच, फाळक्यांचा. ओहोटीही पुन्हा सकाळी साडेसहाची, आणि तारखेला सप्तमी. तुमच्याकडे आलं तर पैसे भरू नका, आणि ज्यांनी पाठवलं त्यांनाही आजच कळवा.