ग्रुपवरची कामं बोर्डावर आणली: आमच्या टीमचा ८ महिन्यांचा अनुभव

आमचं घरांच्या इंटिरियरचं काम आहे. ऑफिस कर्वेनगरला आणि साईट्स बाणेर, खराडी, उंड्री अशा पुण्याच्या चारी टोकांना, एका वेळी पाच-सहा चालू असतात. ऑफिसचे चौघं, सुपरवायझर, मिस्त्री, इलेक्ट्रिशियन, प्लंबर सगळे धरून १४ जण. इतकी वर्षं सगळा कारभार व्हॉट्सॲपवर, साईटमागे एक ग्रुप, आणि मला खरंच वाटायचं की याहून वेगळं काही लागत नाही.

मग खराडीच्या साईटवर जे झालं त्यानंतर माझं मत बदललं. क्लायंट ताईंनी रात्री साडेदहाला फोन करून वॉर्डरोबचं लॅमिनेट बदललं, मी लगेच ग्रुपवर नवीन कोड टाकला. सकाळपर्यंत त्याच्यावर प्लंबरचं बिल, सोसायटीच्या लिफ्टचे टायमिंग, टाइल्सचे सात-आठ फोटो आणि चार गुड मॉर्निंग येऊन पडले. मिस्त्रीने कोड शोधायला वर स्क्रोल केलं, त्याला दोन आठवड्यांपूर्वी मीच टाकलेला फोटो सापडला, शीट्सही त्याच कोडच्या साईटवर येऊन पडलेल्या, त्याने काम सुरू केलं. मी दुपारी पोचले तेव्हा वॉर्डरोबच्या सहा शटर्सवर, म्हणजे दारांवर, जुनं लॅमिनेट चिकटवून कडा घासून तयार! १ एमएमचं लॅमिनेट एकदा प्लायवर नीट बसलं की सुटत नाही हो, काढायला गेलं की त्याचे तुकडे पडतात आणि प्लायचा वरचा थरही सोबत निघतो. सहाही शटर्स नवीन केली. मिस्त्रीला मी एक शब्द बोलले नाही, कारण एकाच ग्रुपवर दोन कोड होते आणि त्यातला खरा कुठला हे कुठेच लिहिलेलं नव्हतं.

त्यानंतर जूनपासून आम्ही कामासाठी दुसऱ्या ॲपची शोधाशोध सुरू केली. आधी स्लॅक बघितलं, हे टीमने आपसात बोलायचं ॲप. साईटमागे एक चॅनल, एका मेसेजखाली त्याच विषयाचं बोलणं, सर्च चांगला, ऑफिसातल्या मुलांना तर फारच आवडलं. पण फ्री प्लॅनमध्ये मागचे ९० दिवसच दिसतात आणि आमचं एक घर बुकिंगपासून ताबा देईपर्यंत चार-पाच महिने चालतं, म्हणजे सुरुवातीला घेतलेली मापं आणि सिलेक्शन नेमकं फिनिशिंगच्या वेळी दिसेनासं होणार. पेड घ्यायचं तर पैसे माणशी महिन्याला, आणि आमच्यातले निम्मे लोक दिवसातून दोनदा ॲप उघडणारे. हिंजवडीत दिवसभर लॅपटॉपसमोर बसणाऱ्या टीमला ते पैसे वसूल होतील, आम्हाला नाही झाले असते. मीटिंगच्या ॲपवर आम्ही फार वेळ घालवलाच नाही. झूमला फ्रीमध्ये ४० मिनिटं मिळतात, गुगल मीटला तीन किंवा जास्त जण असले की ६० मिनिटं, आमची सोमवारची मीटिंग पंचवीस मिनिटांत आटपते.

शेवटी ट्रेलोवर थांबलो, हे कामांची कार्डं बोर्डावर लावायचं ॲप. साईटमागे एक बोर्ड, त्यावर पाच रांगा: ठरायचंय, ठरलं, चालू, तपासायचं, झालं. प्रत्येक वस्तूचं एक कार्ड, म्हणजे 'मास्टर बेडरूम वॉर्डरोब' हे एक कार्ड, त्यात मापं, लॅमिनेटचा कोड, हँडल, ड्रॉवरचं चॅनल सगळं. ही कार्डं सरकवायची पद्धत मूळ टोयोटाच्या कारखान्यातली, तिकडे मालाबरोबर कार्ड फिरायचं, आणि आमच्या कामाला ती का बसते ते पहिल्याच आठवड्यात कळलं कारण आमच्याकडेही प्रश्न तोच असतो, कुठली वस्तू आत्ता कुणाच्या हातात आहे. नियम एकच केला आणि तो मी कुणालाही मोडू देत नाही: कोड बदलला की कार्डावरचा जुना फोटो आणि जुना कोड पुसायचा, नवा घालायचा, का बदलला ते खाली कमेंटमध्ये.

आमचे मोठे मिस्त्री राजस्थानचे, वीस वर्षं पुण्यात. त्यांनी पहिल्या दिवशी फोन हातात घेऊन मला सांगितलं, "भाभीजी, लिखो मत, फोटो डालो." तेव्हापासून सॅम्पलच्या मागच्या कोडच्या स्टिकरचा क्लोजअप हाच कार्डाचा पहिला फोटो असतो, आणि सगळ्या ८ महिन्यांतली सगळ्यात कामाची सूचना मी हीच मानते.

आता अडचणी. ट्रेलोच्या फ्रीमध्ये एका वर्कस्पेसला, म्हणजे एका टीमच्या खात्याला, १० माणसं आणि १० बोर्ड. बोर्ड पुरतात, माणसं नाही. म्हणून ऑफिसचे चौघं, तीन सुपरवायझर आणि दोन मिस्त्री असे नऊच आत आहेत. बाकीच्यांसाठी सुपरवायझर कार्डाची प्रिंट काढून त्या त्या खोलीच्या दारावर मास्किंग टेपने लावतो, वर तारीख टाकून, आणि कार्ड बदललं की जुना कागद फाडूनच नवा लावायचा. एक फाइल १० एमबीच्या वर जात नाही, ड्रॉइंगची पीडीएफ बसते, साईटचे व्हिडिओ नाही, ते गुगल ड्राइव्हवर टाकून लिंक देतो. तिथेही १५ जीबी जीमेल आणि फोटो मिळून आहेत, तेव्हा संपलेल्या साईटचे व्हिडिओ हार्डडिस्कवर काढून घेते.

पहिल्या महिन्यात सुपरवायझर म्हणायचे, "मॅडम, नोटिफिकेशन आलंच नाही." खरंच येत नव्हतं, फोनचा बॅटरी सेव्हर मागे चालणारं ॲप बंद करत होता. एकेकाचा फोन घेऊन सेटिंगमध्ये त्या ॲपची बॅटरीची मर्यादा काढली तेव्हा सुरळीत झालं. कुठलंही ॲप घ्या, हे पहिल्या दिवशी करा.

व्हॉट्सॲप बंद केलेलं नाही, क्लायंट तिथेच बोलणार आणि त्यांनी तिथेच बोलावं. फक्त त्यांचा मेसेज ज्याला आला त्याने संध्याकाळच्या आत तो कार्डावर घ्यायचा आणि मग त्यांना 'नोंद केली' असं कळवायचं. लांब व्हॉइस नोट आली की मी ऐकून मुद्दे गुगलच्या कीबोर्डवर मराठीत बोलून टाइप करते, भराभर होतं. ग्रुपवर पिन करून बघितलं होतं, पण पिन जास्तीत जास्त ३० दिवस राहतो, आमचं काम त्याच्या पुढे जातं.

दिवाळीआधीचे पंधरा दिवस मात्र बोर्डाने हात टेकले. सगळ्यांनाच लक्ष्मीपूजनाला नव्या घरात जायचं असतं, जवळजवळ प्रत्येक कार्डाची मुदतीची तारीख उलटून लाल झाली आणि सगळंच लाल म्हटल्यावर आधी काय करायचं ते बोर्ड सांगू शकत नाही. तेव्हा मी रोज सकाळी आठला तिन्ही सुपरवायझरना फोन करून आजची तीनच कामं ठरवत होते. टिंबर मार्केटचे व्यापारीही फोनवरच चालतात, त्यांना बोर्डात ओढायच्या फंदात पडले नाही.

पाच जण एका टेबलाभोवती बसत असाल तर यातलं काहीही घेऊ नका, भिंतीवरचा पांढरा बोर्ड पुरेल. माणसं पाच ठिकाणी विखुरलेली असतील आणि दिवसाला दहा गोष्टी बदलत असतील तर जरूर घ्या, मी मनापासून सांगते.

पुढच्या महिन्यात आमच्याकडे दोन नवे सुपरवायझर येतायत, म्हणजे आकडा ११ वर जातो. एक तर कुणाला तरी काढायचं नाहीतर सगळ्यांचे पैसे भरायचे. काढायचं तर नाव मिस्त्रींचंच निघतं, आणि ते आता साईटवर आल्या आल्या चहाच्या आधी बोर्ड उघडतात. पैसे भरायचं ठरवलंय.