रक्ततपासणीआधी काळी कॉफी, दुधाची कॉफी की नुसतं पाणी?

डॉक्टरांनी 'अनशापोटी या' म्हणून सांगितलंय आणि कॉफीशिवाय डोळे उघडत नाहीत. मग मन वाटाघाटी करायला लागतं: बिनसाखरेची काळी घेतली तर काय बिघडणार आहे?

दुधासाखरेच्या कॉफीचा विचारच नको. साखर आणि दुधातलं लॅक्टोज रक्तातली साखर वाढवतात, दुधातल्या स्निग्धांशाने ट्रायग्लिसराइड्स (रक्तातली एक प्रकारची चरबी) वाढू शकतात. अर्धा कप घेतला तरी उपास मोडलाच.

खरा पेच काळ्या कॉफीचा. तिच्यात कॅलरीज जवळजवळ नसतात, म्हणून ती चालते असा समज आहे. पण अडचण कॅफीनची आहे. कॅफीनमुळे अ‍ॅड्रेनलीन वाढतं आणि इन्सुलिनचा प्रभाव काही वेळ कमी होतो. कुणाच्या रिपोर्टमध्ये याचा मागमूसही दिसत नाही, कुणाची साखर थोडी वर सरकते. फास्टिंग शुगर १०० मिलिग्रॅमच्या आत असली तर नॉर्मल, १०० ते १२५ म्हणजे मधुमेहाची पूर्वावस्था, १२६ किंवा त्यावर आली तर मधुमेहाची शंका. ज्याची साखर एरवी ९८ असते, त्याचा शेरा दोन-चार अंकांनीही बदलतो. पुढचे कित्येक दिवस जिवाला घोर लागतो तो वेगळाच. एका कपासाठी हे ओढवून घेऊ नये, असं मला मनापासून वाटतं.

लिपिड प्रोफाइलचं, म्हणजे रक्तातल्या चरबीच्या तपासणीचं, गणित जरा वेगळं. एका काळ्या कॉफीने कोलेस्टेरॉलच्या आकड्यात फारसा फरक पडत नाही. शिवाय २०१६ साली युरोपातल्या तज्ज्ञांनी नेहमीच्या लिपिड तपासणीला उपाशी राहण्याची गरज नाही, असं मत दिलं. तरीही ट्रायग्लिसराइड्स आधीच जास्त असतील आणि डॉक्टरांनी ९ ते १२ तास उपाशी राहायला सांगितलं असेल, तर तेच पाळावं. रक्तात चरबी फार असली की नळी यंत्रात फिरवल्यावर वर राहणारं पिवळसर, पारदर्शक सिरम दुधासारखं गढूळ दिसतं आणि त्यामुळे इतर काही तपासण्यांचे आकडेही चुकू शकतात.

कॉर्टिसोल किंवा मेटानेफ्रिनसारख्या, ताणाच्या हार्मोन्सशी संबंधित तपासण्या असतील तर कॉफी नकोच, कारण कॅफीन थेट त्याच हार्मोन्सवर परिणाम करतं. उलट नुसती सीबीसी (रक्तपेशींची मोजणी) किंवा एचबीए१सी असेल तर खुशाल कॉफी घ्या. एचबीए१सीमध्ये गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी साखर कळते, सकाळच्या कपाने ती हलत नाही. फक्त कागद नीट वाचा, कारण बरेचदा याच यादीत फास्टिंग शुगरही असते.

म्हणून माझं मत साध्या पाण्याला. पोटात पाणी असलं की शीरही लवकर सापडते. रोज कॉफी पिणाऱ्याचं डोकं ती चुकली की ठणकतं, हे खरं आहे. त्यावर उपाय म्हणजे लॅबची सगळ्यात पहिली वेळ घ्यायची आणि कॉफीचा थर्मास सोबत न्यायचा. मधुमेहाची गोळी किंवा इन्सुलिन चालू असेल तर त्या सकाळी ते घ्यायचं का, हे मात्र आदल्या दिवशीच डॉक्टरांना विचारून ठेवा.

आणि सवयीने कप संपवून झालाच असेल तर लपवू नका. सुई टोचण्याआधीच सांगा: कॉफी किती वाजता घेतली, दूध-साखर होती का. मग कुठल्या तपासण्या आज होतील आणि कुठल्या उद्यावर ढकलायच्या, ते लॅबवाले डॉक्टरांना विचारून ठरवतील.